सोरायसिसच्या रुग्णाचे बीपी कोण मोजणार?

जयसिंगपूरच्या माणसाला डॉक्टर लांब नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले हे आखीव गल्ल्यांचे शहर कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केल्यापासून वैद्यकनगरी म्हणून नावाजलेली मिरज एका बाजूला, सीपीआर रुग्णालयाचे कोल्हापूर दुसऱ्या बाजूला, आणि खुद्द शहरातही दवाखान्यांची वानवा नाही. चट्टे उठले की माणूस त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो, छातीत दुखले की हृदयरोगतज्ज्ञाकडे. दोन आजार, दोन डॉक्टर, दोन फायली. बहुतेक आजारांत हे ठीकच चालते. सोरायसिसच्या बाबतीत मात्र गेल्या ५० वर्षांतील संशोधनाने ही विभागणी चुकीची ठरवली आहे. ज्याच्या कोपरा-गुडघ्यांवर, पाठीवर, डोक्यात चंदेरी खपल्यांचे चट्टे वर्षानुवर्षे आहेत, त्याच्या हृदयाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे इतरांपेक्षा लवकर लक्ष द्यायला हवे. हे लक्ष महागड्या तपासण्यांचे नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर एवढेच मोजायचे आहे. ते मोजायचे कोणी, हे कोणी ठरवलेले नसल्यामुळे ते राहून जाते, आणि या लेखाचा रोख तिकडे आहे.

आधी आजार नीट ओळखू. सोरायसिस हा नायटा नव्हे, खरूज नव्हे आणि कुष्ठरोगही नव्हे. तो स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने पसरत नाही. निरोगी कातडीच्या वरच्या थरातील पेशी तयार होऊन झडून जायला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हेच चक्र काही दिवसांत उरकते, त्यामुळे कच्च्या पेशींचे पापुद्रे एकावर एक साचतात. त्वचारोगतज्ज्ञांची एक जुनी खूण आहे. चट्ट्यावरील खपली हलकेच खरवडत शेवटचा पातळ पडदा काढला, की खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात. कातडीचा तेवढा भाग पातळ झालेला असतो आणि सुजलेल्या, वेड्यावाकड्या केशवाहिन्या अगदी वर येऊन ठेपलेल्या असतात, म्हणून हे होते. म्हणजे कातडीच्या या आजारात रक्तवाहिन्या पहिल्यापासून सामील आहेत. भारतातील निरनिराळ्या पाहण्यांत सोरायसिसचे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के आढळले आहे. लाखभर वस्तीच्या भागासाठी हिशेब केला, तर ही संख्या काही शेकड्यांपासून २,८०० पर्यंत जाते. एवढ्या माणसांचा प्रश्न किरकोळ म्हणता येत नाही.

सोरायसिसच्या रुग्णांत रक्तवाहिन्या तुंबण्याचे प्रकार जास्त दिसतात, असे मॅकडोनल्ड आणि कॅलाब्रेसी या डॉक्टरांनी १९७०च्या दशकातच नोंदवले होते. पण ते निरीक्षण रुग्णालयात येणाऱ्यांपुरते होते आणि रुग्णालयात मुळात जास्त आजारी माणसेच येतात, हा आक्षेप रास्त होता. त्याला उत्तर मिळाले २००६ मध्ये. जोएल गेलफँड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी तपासल्या. सोरायसिसचे १,३०,९७६ रुग्ण एका बाजूला आणि सोरायसिस नसलेली साडेपाच लाखांहून अधिक माणसे दुसऱ्या बाजूला, अशी ही तुलना होती. वय, लिंग, धूम्रपान, वजन, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा परिणाम गणिताने वजा केल्यावरही फरक शिल्लक राहिला. तिशीतील आणि तीव्र सोरायसिस असलेल्या माणसाला हृदयविकाराचा झटका येण्याची जोखीम त्याच्या वयाच्या इतरांपेक्षा सुमारे ३ पट निघाली. साठीत तीच जोखीम ३६ टक्के जास्त होती. सौम्य सोरायसिस असलेल्या तिशीतील माणसात ती २९ टक्के जास्त होती, आणि साठीतील सौम्य रुग्णात फरक फार थोडा, ८ टक्के. या आकड्यांना एक क्रम आहे. आजार जितका तीव्र तितकी जोखीम जास्त, आणि वय जितके कमी तितका फरक ठळक. निव्वळ योगायोगाचे आकडे सहसा असे पायरीपायरीने चढत नाहीत.

‘३ पट’ हा आकडा मात्र जपून वापरायला हवा. तिशीतील माणसाला झटका येण्याची मुळातली शक्यता फार थोडी असते, आणि थोड्याची तिप्पटही थोडीच. याच अभ्यासात सर्व वयोगट मिळून पाहिले, तर दर हजार माणसांमागे वर्षाला सोरायसिस नसलेल्यांत ३.५८, सौम्य सोरायसिसमध्ये ४.०४ आणि तीव्र सोरायसिसमध्ये ५.१३ झटके नोंदले गेले. म्हणजे तीव्र आजाराच्या हजार रुग्णांपैकी जवळजवळ ९९५ जणांना त्या वर्षी झटका आला नाही. ज्याच्या अंगावर चट्टे आहेत त्याने रात्री छातीवर हात ठेवून झोपावे, असे यातून मुळीच निघत नाही. चट्टे पाहून लोक आधीच चार हात लांब राहतात, लग्नाच्या बोलण्यांत हा आजार लपवला जातो, न्हावी खुर्चीवर बसवून घ्यायला कां-कूं करतो. अशा माणसाच्या डोक्यावर भीतीचे आणखी एक ओझे ठेवणे हा अन्यायच होईल. पण थोडी वाढलेली जोखीम २०-३० वर्षे सतत सोबत राहिली, तर ती साचत जाते. भीतीला कारण नाही, दुर्लक्षालाही नाही, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

सर्वांत जोरदार आक्षेप वेगळाच आहे. सोरायसिसच्या रुग्णांत लठ्ठपणा, मधुमेह, तंबाखू आणि दारू यांचे प्रमाण जास्त असते. मग हृदयाला धोका त्यांचा, कातडीचा त्यात काय दोष? या आक्षेपात बरेच तथ्य आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जन्मजात जनुकीय फरकांच्या आधारे कार्यकारण तपासले गेले. वाढलेले वजन सोरायसिसला कारण ठरते, हे त्यात दिसले. सोरायसिसमुळे वजन वाढते, याला मात्र आधार मिळाला नाही. म्हणजे वाढलेले वजन एकाच वेळी कातडीलाही बाधते आणि हृदयालाही. धूम्रपानाचेही तसेच, ते दोन्ही आजारांच्या मुळाशी सापडते. शिरोळपासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात तंबाखूचे पीक आणि व्यापार पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे आहेत, आणि विडी, मळलेली तंबाखू, बायकांच्या दातांना लागणारी मिश्री या सवयी घराघरांत मुरलेल्या आहेत. तेव्हा आक्षेप मान्य करून पुढचा प्रश्न विचारू. धोका चट्ट्यांमुळे असो वा चट्ट्यांसोबत येणाऱ्या वजन-तंबाखूमुळे असो, चट्टे दिसताच या गोष्टी तपासायला नकोत का? कारण कोणतेही धरा, करायचे काम तेच राहते. शिवाय धूम्रपान आणि वजन हिशेबातून वजा केल्यावरही जो फरक उरतो, त्याचे स्पष्टीकरण बाकीच आहे.

ते स्पष्टीकरण दाहात सापडते. जखम झाली की तेथे लाली, उष्णता, सूज येते. हा शरीराचा बंदोबस्त असतो आणि काम झाले की तो उठतो. सोरायसिसमध्ये तो उठतच नाही. रोगप्रतिकारशक्तीच्या टी पेशी कोणताही शत्रू समोर नसताना टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१७, इंटरल्युकिन-२३ अशी दाहकारक रसायने सोडत राहतात. ही रसायने चट्ट्यापुरती राहत नाहीत, रक्तातून सर्वत्र फिरतात. रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तरावर त्यांचा परिणाम होतो. अस्तर लवचीकपणा गमावते, त्याला पांढऱ्या पेशी चिकटू लागतात, कोलेस्टेरॉलचे कण अस्तराखाली शिरून अडकतात, आणि त्यांना गिळायला आलेल्या पेशी स्वतःच चरबीने फुगून तेथे साचतात. याच दाहामुळे इन्सुलिनचा परिणामही मंदावतो. धमनीतला असा थर म्हणजे नुसती बसलेली चरबी नव्हे, त्यात जिवंत दाह धुमसत असतो, आणि तो थर फुटून त्यावर गुठळी धरली की झटका येतो. कातडीवरचा चट्टा आणि धमनीतला थर या दोन्हींत टी पेशी सापडतात, दोन्हींत त्याच कुळातली रसायने सापडतात. ‘रक्त बिघडले म्हणून अंगावर उठले’ असे आपल्याकडे म्हणतात. आजार कातडीपुरता नाही, एवढा त्यातला अंदाज बरोबर आहे. रक्तशुद्धीच्या काढ्याने तो जाईल, हा त्यापुढचा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

दाहाचा हृदयविकाराशी संबंध नुसत्या तर्कावर उभा नाही. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ‘कँटोस’ चाचणीत पूर्वी झटका येऊन गेलेल्या आणि रक्तात दाहाची खूण वाढलेल्या १०,०६१ जणांना घेतले होते. त्यांपैकी काहींना कॅनाकिनुमॅब हे फक्त दाह कमी करणारे इंजेक्शन दिले. कोलेस्टेरॉल जागचे हलले नाही, तरीही मधल्या मात्रेने झटका, पक्षाघात आणि हृदयमृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले. दाह हा धमनीविकाराचा सोबती नसून त्यातला एक कर्ता आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. पण त्याच चाचणीत जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, आणि हृदयासाठी हे औषध वापरात आले नाही. प्रतिकारशक्तीला आवर घातला की तिचे खरे कामही मंदावते, हा धडाही तिथलाच.

मग सोरायसिसचा दाह औषधाने विझवला की हृदयही वाचेल का? इथे उत्साह आवरला पाहिजे. दाहाची रसायने रोखणारी जैविक इंजेक्शने घेणाऱ्या सोरायसिस रुग्णांच्या हृदयधमन्यांत साचलेला मऊ थर वर्षभरात थोडा कमी झाल्याचे निरीक्षण आहे, पण ती निरीक्षणेच आहेत. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या काटेकोर चाचण्यांत चित्र धूसर आहे. अडालिमुमॅब आणि सेक्युकिनुमॅब या जैविक औषधांनी कातडी झकास साफ झाली, महाधमनीतला दाह मात्र पेट स्कॅनवर ठळकपणे घटला नाही. उस्तेकिनुमॅबने १२ आठवड्यांत तो घटलेला दिसला, पण वर्षअखेर फरक टिकला नाही. सोरायसिसमध्ये सर्रास वापरले जाणारे मेथोट्रेक्सेट हृदयरुग्णांना देऊन पाहिले, त्यात फायदा झाला नाही. गाउटवरचे जुने औषध कोल्चिसिन दोन मोठ्या चाचण्यांत हृदयाला उपयोगी ठरले, तर झटक्यानंतर लगेच दिलेल्या २०२४ च्या मोठ्या चाचणीत निष्फळ ठरले. हे कोल्चिसिन पावसाळ्यात आपल्या डोंगर-कुंपणांवर लाल-पिवळी फुलणाऱ्या कळलावीतही असते. तिचे कंद जीवघेणे विषारी असतात, म्हणून या माहितीचा कोणी घरगुती प्रयोग करू नये. ब्रायाकिनुमॅब नावाच्या एका सोरायसिसच्या औषधाच्या चाचण्यांत तर हृदयविकाराच्या घटना वाढल्याची शंका आली आणि त्याची मंजुरीची प्रक्रिया मागे घेतली गेली. सोरायसिसवर उपचार जरूर करावेत, कातडीसाठी, सांध्यांसाठी आणि माणसाच्या सुखासाठी. पण कातडी साफ झाली म्हणजे हृदयाची काळजी मिटली, असे आज कोणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

नेमक्या याच ठिकाणी साध्या मोजमापांची किंमत वाढते. दाह विझवून हृदय वाचवण्याचा मार्ग अर्धवट सिद्ध आहे. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर आणि तंबाखू आवरून हृदय वाचवण्याचा मार्ग पूर्ण सिद्ध आहे, आणि तो सोरायसिसच्या रुग्णालाही तितकाच खुला आहे. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत सोरायसिस आणि संधिवातासारख्या दीर्घ दाहक आजारांना जोखीम वाढवणाऱ्या घटकांत स्थान दिले. कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन सुरू करावे की नाही, अशा सीमेवरच्या निर्णयात डॉक्टरांनी ते लक्षात घ्यायचे आहे. अमेरिकेतल्याच त्वचारोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या सूचना आणखी पुढे जातात. अंगाचा १० टक्क्यांहून अधिक भाग व्यापला असेल किंवा पोटातून औषधे, इंजेक्शने, प्रकाशोपचार लागत असतील, तर नेहमीच्या पद्धतीने काढलेली हृदयाची जोखीम दीडपट धरण्याचा विचार करावा, असे त्या म्हणतात. हे सारे गोऱ्या लोकांवरचे संशोधन, आपल्याला ते लागू पडेल का, ही शंका योग्य आहे. पण तिचे उत्तर दिलासा देणारे नाही. ‘इंटरहार्ट’ या अनेक देशांतील अभ्यासात पहिल्या झटक्याचे सरासरी वय दक्षिण आशियाई लोकांत ५३ होते आणि इतरत्र सुमारे ५९. काश्मीरपासून चेन्नईपर्यंतच्या रुग्णालयांत सोरायसिसच्या रुग्णांत वाढलेला घेर, साखर, रक्तदाब आणि बिघडलेली चरबी हे एकत्र जास्त आढळले आहे. ज्यांना झटका मुळातच लवकर येतो, त्यांनी जोखमीची खूण पाहून उशीर करणे शहाणपणाचे नाही.

खूण दिसते, मोजण्याची साधनेही आहेत, तरी धागा का जुळत नाही, याचे उत्तर एका कागदावर सापडते. आशाताई ३० वर्षांवरील माणसांचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातले आजार विचारून गुण दिले जातात. टेपने घेर मोजायचा, पुरुषाचा ९० सेंटिमीटरपुढे किंवा बाईचा ८० पुढे गेला की गुण वाढायचे. ४ पेक्षा जास्त गुण झाले की रक्तदाब-साखर तपासणीला प्राधान्याने पाठवायचे. त्याच फॉर्मच्या पुढच्या भागात कातडीवरचे डाग, बधिरपणा, जाड झालेली कातडी यांचीही विचारपूस आहे, पण ती कुष्ठरोग शोधण्यासाठी. ती गरजेची आहे आणि राहिली पाहिजे. मात्र कुष्ठरोग नाही असे ठरले की चट्ट्यांची चौकशी तिथेच संपते. एकाच कागदावर कातडीही आहे आणि हृदयही आहे, दोघांना जोडणारी ओळ तेवढी नाही. तपासणीत चट्टे सोरायसिसचे निघाले, तर गुण ४ च्या पुढे गेले नसले तरी रक्तदाब, साखर आणि चरबी तपासावी, एवढी सूचना आरोग्य केंद्रांना दिली तरी फार मोठे काम होईल. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होऊ शकते, ही मोठी सोय आहे. पण तिथे पोचण्याची वेळ टाळणे हे रुग्णाच्याही हिताचे आणि सरकारच्या तिजोरीच्याही.

घरी-दारी मिळणारा सल्ला तर वेगळ्याच दिशेने जातो. वांगे सोड, गवार सोड, आंबट सोड, दूध आणि मासे एकत्र खाऊ नको, अशी पथ्यांची यादी सोरायसिसच्या प्रत्येक रुग्णाला पाठ असते. या यादीने चट्टे जातात याला आधार नाही. आणि ज्याला आधार आहे ते मात्र कोणी सांगत नाही. इटलीत जादा वजनाच्या ३०३ सोरायसिस रुग्णांवर २० आठवड्यांची चाचणी झाली. आहार आणि व्यायामाचा ठरीव कार्यक्रम पाळणाऱ्यांचे चट्टे, नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा ठळकपणे जास्त कमी झाले. वजन घटवणे हे एकच काम कातडी आणि हृदय दोघांच्या उपयोगी पडते. तंबाखू सोडण्याचेही तसेच, आणि त्यात मिश्री धरायची. दिवसातून चार वेळा मिश्री लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही, म्हणून प्रश्न नाव घेऊनच विचारायला हवा.

औषधांच्या बाबतीतही दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची खबर हवी. सोरायसिसवरच्या सायक्लोस्पोरिनने रक्तदाब चढू शकतो, अ‍ॅसिट्रेटिनने ट्रायग्लिसराइड वाढू शकतात. उलट, हृदयासाठी दिलेले काही बीटा-ब्लॉकर चट्टे भडकवू शकतात. तरी गोळी स्वतःहून बंद करायची नाही, ती अचानक थांबवणे हृदयाला घातक आहे, डॉक्टरांना सांगून पर्याय विचारायचा. सोरायसिसच्या काही रुग्णांत सांधेही सुजतात, सकाळी बोटे आखडतात. अशा वेळी मेडिकल दुकानातून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाल्ल्या जातात, आणि त्या रक्तदाब, मूत्रपिंड, हृदय तिघांनाही त्रास देतात. बिननावाच्या पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड असते. आठवड्यात चट्टे गायब होतात, पुडी थांबली की दुप्पट जोराने उसळतात, कधी अंगभर पुवाचे फोड येतात, आणि तोवर साखर व रक्तदाब वाढलेले असतात. मेथोट्रेक्सेट ही आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे, ती रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत.

राहिला शेवटचा आक्षेप, वेळेचा. गर्दीच्या ओपीडीत त्वचारोगतज्ज्ञाने चट्टे पाहावेत की बीपी मोजावे? उत्तर असे की बीपी त्यांनीच मोजले पाहिजे असे नाही. नर्सने मोजावे, फॅमिली डॉक्टरने मोजावे, आरोग्य केंद्रात मोजावे, पण मोजायला सांगण्याची जबाबदारी ज्याने सोरायसिसचे निदान केले त्याची असावी, कारण रुग्ण नियमाने त्याच्याकडेच जातो. मेथोट्रेक्सेटसाठी यकृत आणि रक्तपेशींची तपासणी होतेच, त्याच सुईच्या रक्तात साखर आणि कोलेस्टेरॉल पाहता येते. आणि डॉक्टरांनी सुचवले नाही, तर रुग्णाने विचारावे. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि घेर यांचे चार आकडे त्वचेच्या फायलीत लिहून घ्यावेत, आणि तीच फाईल हृदयाच्या डॉक्टरांपुढेही ठेवावी. चालताना छाती दाबल्यासारखी वाटली, धाप लागली, घाम फुटून डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर वय तिशीचे असले तरी पित्त समजून घरी बसू नये आणि ईसीजी काढणाऱ्याला आपल्याला सोरायसिस आहे हे आवर्जून सांगावे.